आधी कान, मग जीभ

उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींच्या पूर्वतयारीत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे. प्रवेशपरीक्षा, व्हिसाची कागदपत्रे आणि बँकेच्या कर्जाची मंजुरी यांच्या जोडीला तिकडच्या समवयस्कांची स्लँगही आत्मसात केली पाहिजे, असे त्यांस वाटू लागले आहे आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून टिपलेल्या शब्दांच्या याद्या पाठ करून ही तयारी नेटाने चालू असते. या धडपडीमागची इच्छा सर्वथैव रास्त आहे. कारण वर्गात अस्खलित उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्याला भोजनगृहातल्या गप्पा सुरू होताच मूक होऊन बसावे लागावे, यासारखे एकाकीपण परमुलखात दुसरे नाही. माझी हरकत आहे ती केवळ याद्या पाठ करण्याच्या मार्गाला.

आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेले इंग्रजी हे प्रामुख्याने अर्जाचे, पत्रव्यवहाराचे आणि परीक्षेचे इंग्रजी आहे. कचेरीच्या दप्तरात त्याचा उत्तम उपयोग होतो. परंतु मँचेस्टरच्या एखाद्या वसतिगृहात जिन्यावर समोरून येणारा सहाध्यायी जेव्हा 'ऑल राइट?' असे विचारतो, तेव्हा ते अपुरे पडते. आपला विद्यार्थी सद्‌भावनेने थांबतो, रात्री थंडीने झोप लागली नाही हे सांगू लागतो, आणि वाक्य पुरे होण्याच्या आत विचारणारा वरच्या मजल्यावर पोहोचलेला असतो. यात कोणी कोणाचा उपमर्द केलेला नसतो. तेच दोन शब्द उलट उच्चारून आपल्या वाटेने जावे, हा तिथला दस्तूर असतो. आणि तो पुस्तकातून नव्हे, तर चार दिवस त्याच जिन्यावरून इतरांना जाता-येता ऐकून कळतो.

स्लँग म्हणजे भाषेचा ऱ्हास, हा सुशिक्षितांचा जुना समज इतिहासापुढे टिकत नाही. फ्रान्सिस ग्रोस याने लंडनच्या रस्त्यांवरील व गुत्त्यांतील बोलीचा कोश 1785 सालीच छापला होता. आपल्याकडेही व्यापारी आणि दलाल गिऱ्हाइकासमक्ष भाव ठरविण्यासाठी नंदभाषा वापरीत, ती गिऱ्हाइकास उमगू नये हाच तिचा हेतू असे. जिथे काही माणसे एकाच स्थितीत, एकाच संकटात वा एकाच धंद्यात निकट सहवासाने राहतात, तिथे त्यांची स्वतंत्र बोली उत्पन्न होते आणि आपला कोण व परका कोण, हे ती बिनचूक ओळखते.

आज जगभर पसरलेल्या शब्दांची कुळकथा हेच सांगते. 1948 साली 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक इंग्लंडात उतरले, त्यांच्यामागून आणखी हजारो आले, आणि त्यांच्या जमैकन बोलीतले 'वागवान', 'मॅनडेम' यांसारखे शब्द आज पूर्व लंडनच्या शाळांत बांगलादेशी, तुर्की आणि गोऱ्या घरांतली मुलेही सहज बोलतात. 'स्ले' आणि 'शेड' हे शब्द न्यूयॉर्कच्या हार्लेममधील ज्या नृत्यसभांनी रूढ केले, त्या भरविणारे कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी आणि तृतीयपंथी लोक घरादारातून बहिष्कृत झालेले होते. 'पॅरिस इज बर्निंग' हा 1990 चा माहितीपट त्यांच्या जीवनाचा दस्तऐवज आहे. गोरे तरुण आपले शब्द उचलू लागले की हार्लेम ते टाकून नवे घडविते, हे विल्यम मेल्विन केली या कृष्णवर्णीय लेखकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 1962 सालीच नमूद करून ठेवले आहे.

यातून शिकणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की यादीतला शब्द बहुधा मुदत संपत आलेला असतो. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2023 चा शब्द म्हणून 'रिझ'ची निवड केली आणि तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक झाला. मुलांच्या दृष्टीने त्याची नवलाई तिथेच सरली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जमिनीवरचा वहिवाटीचा हक्क जसा दीर्घकाळच्या वावराने सिद्ध होतो, तसा या शब्दांवरचा हक्कही सहवासानेच सिद्ध होतो. आणि काही शब्दांवर तर तो परक्याला कधीच प्राप्त होत नाही. रॅप गीतांत कृष्णवर्णीय गायक परस्परांस उद्देशून जो वंशवाचक शब्द उच्चारतात, त्यामागे गुलामगिरीच्या शतकांची वेदना आहे, आणि ते गीत गुणगुणताना आपल्या मुलाने तो शब्द उच्चारला तर तो निव्वळ अपमानच ठरेल, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलांस माझे कळकळीचे सांगणे असे की, स्लँग समजून घेण्यात यत्किंचितही कसूर करू नका; बोलण्याची मात्र घाई करू नका. कोण कोणाशी, कोणत्या सुरात बोलतो आणि कोणासमोर तो शब्द गिळतो, हे लक्षपूर्वक ऐका. न कळलेल्या शब्दाचा अर्थ मित्राला निःसंकोच विचारा. असा प्रश्न केल्याने मान कमी होत नाही, उलट अगत्याने समजावून सांगणाऱ्याशी जवळीक वाढते. तोवर साधे, स्वच्छ इंग्रजी कोणत्याही मैफलीत पुरेसे आहे. आपल्या महाविद्यालयांनीही इंग्रजीच्या तासाला ग्लासगो, लागोस, सिडनी, शिकागो येथील माणसांचे अनौपचारिक संभाषण नियमाने ऐकवावे आणि ते उमगले की नाही याची परीक्षा घ्यावी. यासाठी फारसा खर्च येत नाही. अडचण आहे ती केवळ पाठ्यक्रम ठरविणाऱ्यांनी श्रवणाला लेखनाइतके मानाचे स्थान देण्याची, आणि ते देण्यास आता आणखी विलंब लावू नये.