रिकाम्या झालेल्या लहरींचा हिशेब

छपराछपरांवर दिसणारा दूरदर्शनचा अँटेना आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. १९७२ साली मुंबईत आणि १९७३ साली सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दूरदर्शन आले. अँटेना उभारला की मासिक शुल्काविना चित्र घरात येत असे. प्रसार भारतीने २०२१ साली, सामरिक महत्त्वाची सुमारे ५० केंद्रे वगळता, उर्वरित अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. कालबाह्य तंत्र निवृत्त व्हावे यात वावगे काही नाही. परंतु त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या लहरींचे काय करायचे, याची चर्चा लिलावाच्या आकड्यांपलीकडे फारशी गेली नाही.

अ‍ॅनालॉग पद्धतीत एकेका वाहिनीला ७ किंवा ८ मेगाहर्ट्झचा पट्टा लागत असे. शेजारच्या केंद्रांना तोच पट्टा दिल्यास चित्रे एकमेकांत मिसळत. म्हणून बरीच जागा मोकळी सोडावी लागे. डिजिटल पद्धतीत तेवढ्याच पट्ट्यातून अनेक वाहिन्या जातात आणि आखणी काटेकोर असेल तर लगतची केंद्रे एकाच वारंवारतेवर चालू शकतात. कमी जागेत अधिक वाहिन्या देऊन उरलेली जागा मोबाइल सेवेला देता येते. मात्र हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. कोणते केंद्र कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने चालावे, हे आधी ठरवावे लागते.

युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातील शंभरहून अधिक देशांनी २००६ साली जिनिव्हा येथे एकत्र बसून असा आराखडा मान्य केला आणि बहुतांश संक्रमणासाठी १७ जून २०१५ ही मुदत ठरवली. बर्लिनमध्ये २००३ साली जुने प्रक्षेपण थांबवताना अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना नव्या उपकरणासाठी साहाय्य देण्यात आले. ब्रिटनने २०१२ पर्यंत एकेक विभाग डिजिटल करताना पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांसाठी व अपंगांसाठी स्वतंत्र मदत योजना राबवली. प्रेक्षकाची सोय हा तेथे संक्रमणाचाच एक भाग होता.

भारतात हा क्रम विस्कटला. दूरदर्शनने २०१६ साली मुंबई व तत्कालीन औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. पण ते ग्रहण करणारी यंत्रणा सर्वसामान्य घरांतील संचांत नव्हती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये हे संक्रमण डिसेंबर २०२३ पर्यंत तीन टप्प्यांत पूर्ण करण्याची शिफारस केली. ती प्रत्यक्षात उतरली नाही. लिलाव मात्र होत राहिले. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ साली चढ्या राखीव किमतीमुळे विकला गेला नाही; २०२२ साली किंमत घटवल्यावर एका खासगी कंपनीने देशभरातील १० मेगाहर्ट्झ सुमारे ३९ हजार कोटी रुपयांना घेतले.

मोबाइल सेवेला लहरी मिळू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. त्याही राष्ट्राच्या प्रगतीची वाहिनी आहेत. केबल, डीटीएच आणि दूरदर्शनची ‘फ्री डिश’ असताना भूप्रक्षेपण हवे कशाला, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. परंतु केबलला आणि खासगी डीटीएचला शुल्क आहे. मोबाइलवर चित्र पाहण्यास डेटा खर्ची पडतो आणि एकाच वेळी सर्वांनी जोडणी मागितली की जाळे कोलमडते. महापूर, चक्रीवादळ वा सीमेवरील संकटाच्या प्रसंगी एका मनोऱ्यावरून लक्षावधींना एकाच क्षणी सूचना देणाऱ्या यंत्रणेचे मोल केवळ रुपयांत मोजता येत नाही. सामरिक ठिकाणची केंद्रे चालू ठेवण्याचा निर्णय हेच सुचवतो.

लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. त्याच न्यायालयाने २०१२ साली १२२ दूरसंचार परवाने रद्द करून, अशा संपत्तीचे वाटप मनमानीने करता येत नाही, हेही बजावले. पारदर्शक लिलाव हा त्यातील एक धडा झाला. दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा आहे : विश्वस्ताने विकण्यापूर्वी काय राखून ठेवायचे, हे ठरवायचे असते.

ती संधी अद्याप हातची गेलेली नाही. इंटरनेटविना थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याच्या तंत्राच्या चाचण्या देशात झाल्या आहेत. त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखण्याचा विचार माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सचिवांनी जानेवारी २०२४ मध्ये मांडला होता. शासनाने या पट्ट्याचा निश्चित आराखडा, कालमर्यादेसह, जनतेपुढे ठेवावा. राखलेल्या लहरी वर्षानुवर्षे पडून राहणे हाही अपव्ययच. म्हणून ठरलेल्या मुदतीत त्यांचा वापर झाला नाही, तर त्या अन्य सेवेला द्याव्यात. पण तो निर्णय विचारपूर्वक व्हावा, लिलावाच्या घाईत नव्हे. शेतजमीन विकणारा शहाणा कुटुंबप्रमुखही विहिरीपुरती जागा राखून ठेवतो. राष्ट्राच्या आकाशाबाबत त्याहून कमी दूरदृष्टी परवडणारी नाही.