मरण लांबविण्याला दया म्हणू नये

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत कुत्रा किंवा मांजर आता घरचाच एक जीव मानला जातो. त्याचा वाढदिवस साजरा होतो, दिवाळीत त्याच्या कपाळी टिळा लागतो. कसोटी लागते ती तो म्हातारा झाल्यावर. दहा-बारा वर्षांच्या लॅब्राडोरचे खुबे झिजतात, गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्याला चादरीत घालून दोघांनी खाली उतरवावे लागते. पुढे तेही थांबते. एकाच अंगावर पडून जखमा होतात, लघवी जागेवरच होते, रात्रभर तो कण्हत राहतो. उपाय उरलेला नाही, असे पशुवैद्य स्पष्ट सांगतात. आणि घरातून उत्तर येते, "आपल्या धर्मात हे बसत नाही. त्याला नैसर्गिक मरण येऊ द्या."

या उत्तराचा परखडपणे विचार झाला पाहिजे. सलाईन आणि नळीने भरविलेले अन्न यांच्या आधारावर महिनाभर रेटलेले मरण कोणत्या अर्थाने नैसर्गिक आहे? निसर्गाला आपण केव्हाच बाजूला सारलेले असते. फक्त शेवटचा निर्णय आपल्या हातून व्हायला नको असतो. या टाळाटाळीला अहिंसा हे नाव देणे हा अहिंसेवर अन्याय आहे.

अहिंसेचा दाखला देणाऱ्यांनी १९२८ सालचे साबरमती आश्रमातील प्रकरण आठवावे. आश्रमातील एक जखमी वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. त्याला कूस बदलणेही शक्य नव्हते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि स्वतः उपस्थित राहून डॉक्टरांकडून त्याला प्राणान्तक इंजेक्शन देवविले. त्यावर मोठा गहजब झाला, संतप्त पत्रे आली. त्यांनी माघार घेतली नाही. रोग्याच्या भल्यासाठी शस्त्र चालविणारा वैद्य जर हिंसा करीत नसेल, तर दुसरा मार्गच न उरलेल्या जीवाला वेदनेतून सोडविणे हीही हिंसा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींच्या अनेक मतांशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत; परंतु अहिंसेच्या बाबतीत ते ढिले होते, असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. आणि ते वासरू होते, हेही विसरता कामा नये.

आपला कायदाही याच दिशेचा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये, आजारी वा जखमी प्राण्याला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशी स्थिती स्वच्छपणे गृहीत धरलेली आहे. मग उद्या वृद्ध आईवडिलांनाही हाच न्याय लावायचा का, असा प्रश्न हटकून विचारला जातो. तो अप्रस्तुत आहे. माणसाला वाचा आहे, इच्छा सांगता येते. आणि माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही २०११ व २०१८ च्या निकालांत कठोर अटींसह केवळ उपचार थांबविण्यालाच अनुमती दिली आहे. मुक्या जनावराच्या वतीने विचार करणारा घरधन्यावाचून दुसरा कोणी नसतो.

मात्र या मुभेचा गैरफायदा घेणाऱ्यांचीही गय करता येणार नाही. नव्या टॉवरमध्ये कुत्रा नको, मुलाकडे अमेरिकेला जायचे आहे, म्हणून बऱ्या होऊ शकणाऱ्या जनावराला "झोपवून टाका" सांगणारी कुटुंबे असतात. ती दया नव्हे, अडगळ काढणे आहे. सेवानिवृत्त लष्करी श्वानांना मारून टाकण्याची पद्धत २०१५ मध्ये उघड झाली, तेव्हा देशभर संताप उसळला आणि त्यांना दत्तक देण्याचा मार्ग खुला झाला. तो संताप रास्तच होता. मुंबई पोलिसांचे उदाहरण पाहा. १९९३ च्या स्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकणारा जंजीर २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला, तो परळच्या पशुरुग्णालयात उपचार घेत असताना. त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. २६/११ ला कामगिरी बजावणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले. चौघेही २०१६ मध्ये वारले. उपयोग संपला म्हणून कोणी त्यांचे आयुष्य संपविले नाही.

तेव्हा मोजायची ती प्राण्याची वेदना. घरच्यांची सोय नव्हे आणि घरच्यांचे अश्रूही नव्हेत. सांधेदुखी म्हणजे लगेच मृत्यू नव्हे. वजन उतरविणे, फरशीवर चटया अंथरणे आणि पशुवैद्याने दिलेली वेदनाशामके यांवर कित्येक कुत्री वर्षानुवर्षे समाधानाने जगतात. (घरातली गोळी मात्र देऊ नये, पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.) मांजर तर दुखणे लपविते; ते खाणे सोडते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडते, पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसते. अशा वेळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज खूण करावी: आज तो आपणहून जेवला का, उठला का, दाराची घंटा वाजल्यावर शेपूट हलली का? वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा सतत अधिक भरू लागले आणि औषधाचीही मात्रा चालेनाशी झाली, की पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा माणसे स्वतःसाठी मागून घेत असतात.

आणखी एक गोष्ट. स्वर्गाच्या दारी युधिष्ठिराने कुत्र्याला सोडले नाही, ही कथा इंजेक्शनला विरोध करणारे हमखास सांगतात. ती कथा सोबत न सोडण्याची आहे. दवाखान्यात साखळी परिचारकाच्या हाती देऊन "आम्हाला बघवणार नाही" म्हणत रिक्षात बसणाऱ्यांना ती अधिक लागू पडते. आधी गुंगीचे औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत हृदय थांबते. तेवढी मिनिटे ओळखीचा हात अंगावर असला पाहिजे. घरातल्या जाणत्या मुलांनाही, त्यांची इच्छा असल्यास, तेथे उभे राहू द्यावे.