बंगल्याची साक्ष

शेवगाव तालुक्यात सोयरीक जमवायची तर मुलीकडची माणसे आधी शेतीची चौकशी करतात. बागायत किती, जिरायत किती, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकते का, सोसायटीचे कर्ज किती, बांधावरून भाऊबंदकी आहे का. त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. मात्र २०२३-२४ मध्ये शेअर बाजाराच्या नावाखाली दुकाने थाटणाऱ्यांच्या हाती याच माणसांनी कापसाची पट्टी, उसाचे पेमेंट, निवृत्तीचे पैसे ठेवले; कोणी दागिने मोडले, कोणी जमीन गहाण टाकली. बँक वर्षभरात देते त्याहून अधिक परतावा महिन्यात मिळेल, असे सांगितले जात होते. पुढे दुकानांना कुलपे लागली, चालक पसार झाले आणि लोक पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहिले.

लोभ हे या फसवणुकीचे निम्मे कारण झाले. उरलेले निम्मे कारण ‘त्याचा बंगला बघा’ या वाक्यात आहे. नवी गाडी, रस्त्याकडेचा प्लॉट, शहरातला फ्लॅट हीच जामीनदारी ठरली. एवढी इस्टेट असलेला माणूस आपले दोन लाख कशाला बुडवील, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब एके काळी बरोबर होता. पूर्वीच्या बागायतदाराची पत त्याच्या जमिनीमागून आली. जमीन पिढ्यांची, चतुःसीमा सगळ्यांना ठाऊक, पीक डोळ्यांसमोर. पत असलेला तेव्हाचा सावकारही काही साधुसंत नव्हता. याच नगर जिल्ह्यात आणि पुण्यात १८७५ साली कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, ते उगाच नाही. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोठ्या खातेदारांना कात्री लावली. गोदाकाठची कित्येक घराणी जायकवाडी धरणाच्या पाण्याने विस्थापित केली. तरी एक गोष्ट खरी, की या लोकांची मालमत्ता आधी होती आणि लोकांचा विश्वास नंतर बसला.

शेअर बाजारवाल्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. आधी ठेवी आल्या, मग प्लॉट आले, आणि ते प्लॉट पाहून आणखी ठेवी आल्या. ज्या बंगल्याला लोक तारण समजत होते, तो त्यांच्याच पैशांतून उभा राहत होता. हे कळायला पोलीस तपासाची गरज नव्हती. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. फेरफाराची तारीख पाहिली असती, तर जमीन केव्हा नावावर चढली ते दिसले असते. ‘इतर हक्क’ पाहिले असते, तर तिच्यावर बोजा कोणाचा तेही दिसले असते. मुलीच्या लग्नात जी तपासणी होते, तिच्या निम्मी तपासणीही ठेवीच्या वेळी झाली नाही. कारण पैसेवाल्याला ‘हा पैसा कुठून आला’ असे विचारणे आपल्याकडे आगाऊपणाचे समजले जाते. सप्ताहाची पंगत, जत्रेचा हगामा, मंडळाची मोठी वर्गणी यांनी माणूस वर्षभरात ‘शेठ’ होतो आणि शेठला कोणी फेरफार विचारत नाही.

लोक बँकेकडे का गेले नाहीत, असे शहरातून विचारणे सोपे आहे. १९१० पासूनच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेला ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द करावा लागला. तिच्या शेवगाव शाखेत तारण म्हणून ठेवलेले सोनेच बनावट निघाले होते. जिल्ह्यात बुडालेल्या पतसंस्थांचे दुखणे तर जुनेच आहे. मोठी पाटी हीसुद्धा पुरेशी साक्ष नाही, हे लोकांनी अनुभवले होते. फरक एवढाच, की बुडालेल्या बँकेतही पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. बंगल्याला तो नसतो.

आता प्रश्न त्या इस्टेटीचा. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकली जाते आणि पैसा ठेवीदारांत वाटला जातो. खोट्या व्यवहाराने दुसऱ्याच्या नावे केलेल्या मालमत्तेलाही हात घालता येतो. अडचण वेगाची आहे. जप्तीला महिने लागले, तर तेवढ्यात प्लॉट हातोहात फिरतात. लिलावाला वर्षे लागली, तर बंगल्याच्या भिंतींना तडे जातात आणि ठेवीदार म्हातारा होतो. म्हणून गुन्हा दाखल होताच आरोपीच्या आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या नावावरील गेल्या तीन वर्षांचे खरेदी-विक्रीचे दस्त दुय्यम निबंधकांकडून मागवून जप्तीचा प्रस्ताव गेला पाहिजे. जप्त मालमत्तेचे गट क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, म्हणजे नवे गिऱ्हाईक फसणार नाही.

फसलेल्यांना हसणाऱ्यांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. बंगला पाहून खुर्ची पुढे करणारे, हार घालणारे आणि फ्लेक्सवर शेजारी फोटो छापून घेणारे यांपैकी कोणीही एक रुपया गुंतवला नसेल. पण ज्यांनी गुंतवले, त्यांनी तो फ्लेक्स वाचला होता.