आधी बोटे ठरवा, मग गती वाढवा

पियानो किंवा कीबोर्ड शिकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरातील अम्मी-अब्बांना ही तक्रार ओळखीची असेल. धडा हळू वाजवला की नीट येतो. गती वाढवली की मूल नेमके त्याच जागी अडखळते. मग आपण म्हणतो, "अजून वीस वेळा वाजव, येईल आपोआप." वीस वेळा वाजवूनही येत नाही, आणि मूल मनाशी ठरवून टाकते की हे आपल्याला जमणारच नाही. अशा वेळी आमचे पालकांना सांगणे आहे की मुलाला दोष देण्याआधी कोणत्या स्वरावर कोणते बोट पडते ते पाहा.

मूळ अडचण साधी आहे. सप्तकात एका सा पासून वरच्या सा पर्यंत आठ स्वर, आणि हाताला बोटे पाच. त्यामुळे वर जाताना मध्येच अंगठा इतर बोटांखालून पुढे सरकवावा लागतो आणि परतताना एखादे बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकावे लागते. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे ठाऊक असेल. मुले अडखळतात ती बहुधा याच सांध्यावर.

युरोपातही अंगठ्याला त्याचे स्थान उशिरा मिळाले. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ मध्ये वादनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात की त्यांचे वडील, थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख, यांनी तरुणपणी ऐकलेले मोठमोठे वादक लांबचा स्वर गाठायचा असेल तरच अंगठा वापरत. मुलाने मात्र अंगठ्यालाच मुख्य बोट समजावे, असा आग्रह त्यांनी त्या ग्रंथात धरला.

आता एक उदाहरण घेऊ. मोझार्टने १७८८ मध्ये एक लहान सोनाटा लिहिला आणि आपल्या यादीत तो नवशिक्यांसाठी असल्याची नोंद केली. आज तो के. ५४५ या क्रमांकाने ओळखला जातो. सुरुवातीच्या गोड चालीनंतर उजव्या हाताला एकदम धावावे लागते. ए या स्वरापासून एक सप्तक वर आणि तसेच खाली. पुढच्या मात्राखंडात जी पासून तेच, मग एफ पासून, मग ई पासून. साऱ्या पट्ट्या पांढऱ्या, तरीही मुले इथे गडबडतात.

अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ असे आकडे धरू. वर जाताना १, २, ३, मग अंगठा खालून काढून १, २, ३, ४, ५. इथपर्यंत सारे ठीक. खाली येताना मूल सवयीने ४, ३, २, १ वाजवते, तिसरे बोट अंगठ्यावरून टाकते आणि ३, २, १ करत ए वर अंगठ्याने पोहोचते. पण लगेच पुढचा स्वर जी आहे, आणि तिथेही अंगठाच हवा. एकच अंगठा लागोपाठ दोन पट्ट्यांवर पडतो आणि धावती ओळ तुटते.

उपाय एका बोटाचा आहे. खाली येताना तिसऱ्याऐवजी चौथे बोट अंगठ्यावरून टाकावे. मग ४, ३, २ होऊन ए वर दुसरे बोट येते आणि जी साठी अंगठा मोकळा राहतो. हीच रचना पुढच्या खंडांतही तशीच चालते. म्हणून बोटे ठरवताना ओळीच्या शेवटाकडून विचार करावा. पुढचा स्वर कोणता, तिथे कोणते बोट हवे, हे आधी पाहावे आणि तिथून मागे यावे.

घरी बसून करता येतील अशा काही गोष्टी आम्ही सुचवतो.

एक, दोन्ही हात वेगवेगळे तपासा. दोन, हळू वाजवताना कोणतीही बोटे चालतात, म्हणून चार-पाच स्वरांचा तुकडा पूर्ण गतीने वाजवून थांबा. चुकीचा क्रम तिथे लगेच उघडा पडतो. तीन, काळ्या पट्ट्या असतील तर त्यांवर लांब बोटे ठेवा, अंगठा शक्यतो पांढरीवर. शोपँ आपल्या शिष्यांना सरगम शिकवताना बी मेजरपासून सुरुवात करत. त्यात पाच काळ्या पट्ट्या असल्याने लांब बोटे आपसूक त्यांवर बसतात. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर ते शेवटी शिकवत. चार, ठरलेला क्रम पेन्सिलीने लिहा. प्रत्येक स्वरावर आकडा नको. अंगठा जिथे वळतो आणि बोट जिथे ओलांडते तेवढेच पुरे. पाच, एकदा लिहिले की हळू वाजवतानाही तीच बोटे वापरा. रोज वेगळी बोटे वापरली तर हाताला काहीच पाठ होत नाही.

पुस्तकात छापलेल्या आकड्यांविषयीही थोडे सांगायला हवे. मोझार्टच्या सोनाटांवरील आकडे बहुधा नंतरच्या संपादकांनी घातलेले असतात, आणि दहा वर्षांच्या मुलीचा पंजा मोठ्या माणसाएवढा नसतो. छापील आकडा तिच्या हाताला जमत नसेल तर तिच्या गुरूंना विचारून बदलायला हरकत नाही. मात्र मनगट किंवा बोट दुखू लागले तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.

पालकांना स्वतः वाजवता येत नसले तरी हे काम करता येते. मुलाजवळ बसा, पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक अडखळीला एवढेच विचारा, "बेटा, इथे कोणते बोट होते? आणि पुढे कोणते हवे?" उत्तर मूलच शोधून देईल.