वकिलीची उमेदवारी आणि पोटाचा प्रश्न

गेल्या महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. अक्कलकोटच्या महाविद्यालयात मी त्याला अर्थशास्त्र शिकवले होते. वडील आडत दुकानात मुनीम. कायद्याची पदवी घेतल्यावर त्याने वर्षभर येथील तालुका न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि आता मुंबईत, बड्या कंपन्यांची कामे पाहणाऱ्या एका वकिली पेढीत प्रशिक्षणार्थी म्हणून तो रुजू होणार होता. पेढा हातावर ठेवताना तो ओशाळून म्हणाला, "सर, तुम्हांला हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे."

पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याला चार खडे बोल ऐकवले असते. या वेळी एवढेच विचारले, "इथे वर्षभरात काय मिळाले?" तो म्हणाला, "गावाहून येण्याजाण्याचे भाडे सुटले, सर." त्याचे ज्येष्ठ वकील कृपण आहेत, असे नव्हे. त्यांच्या दारी येणारा पक्षकार म्हणजे बांधाच्या तंट्यात अडकलेला कोरडवाहू शेतकरी, किंवा पोटगीसाठी खेटे घालणारी परित्यक्ता. तो फी देणार किती आणि त्यातून उमेदवाराच्या वाट्याला येणार किती? गरिबाला न्याय मिळवून देण्याचा खर्च आपल्या व्यवस्थेने गरीब पक्षकाराच्या आणि गरीब उमेदवाराच्या माथी मारला आहे. या व्यवहाराला 'उदात्त व्यवसाय' असे नाव दिल्याने त्यातील अर्थशास्त्र बदलत नाही.

मुंबईच्या पेढीत या तरुणाला काय करावे लागेल? विकल्या जाणाऱ्या कंपनीचे करारमदार तपासणे, कर्जाचे दस्त वाचणे आणि प्रकल्पासाठी घ्यावयाच्या जमिनींचे मालकीहक्क शोधणे. अशा पेढ्यांत कामाची नोंद तासाच्या दहाव्या भागाने, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी ठेवण्याची रीत आहे. त्या हिशेबाने अशिलाला देयक जाते. उमेदवाराच्या तासाला पेढी जे आकारते आणि त्याला जे देते, त्यांतील अंतर हे वाचकांना परिचित असलेले वरकड मूल्यच होय. तरीही त्याला पगार मिळतो, निष्णात माणसांच्या हाताखाली शिक्षण मिळते, आणि घरी चार पैसे धाडता येतात. मुनिमाच्या मुलाने ते नाकारावे, असे सांगण्याचा अधिकार निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याला नाही.

मला बोचते ते निराळेच. सातबारा आणि फेरफार वाचण्याची जी विद्या तो आपल्या घरात आणि येथल्या न्यायालयात शिकला, तीच आता जमीन खरेदी करणाऱ्याच्या कामी येणार. जमीन देणाऱ्याच्या बाजूला कोण उभे राहणार? सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीत आपला तालुका आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार मोबदला अमान्य असल्यास शेतकऱ्याला केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावे लागते, आणि त्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर लवाद कायदा, १९९६ च्या चौकटीत जिल्हा न्यायालयात. या कायद्यात मुरलेले वकील बड्या पेढ्यांत पुष्कळ आहेत. ज्याची चार एकर जाते त्याला ते परवडत नाहीत.

पैशाअभावी वकिलीची दारे बंद होण्याचा अनुभव जुना आहे. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा मूळ शाखेतील कामे सॉलिसिटरांच्या पेढ्यांमार्फत येत आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देण्यास त्या राजी नव्हत्या. चरितार्थासाठी त्यांना १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. आज जातीचा तसा उघड उच्चार होत नाही. परंतु तीन वर्षे बिनपगारी राहण्याची ऐपत कोणत्या घरांत असते, एवढे विचारले की उत्तर पुष्कळसे तेच येते.

न्यायसंस्थेला याची जाणीव नाही, असे नाही. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सनदेसाठी कायद्यात सांगितलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक शुल्क राज्यांच्या वकील परिषदांना घेता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच! वकिलाची कचेरी ही 'व्यापारी आस्थापना' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये केरळच्या कायद्यासंदर्भात म्हटले होते. कामगार कायद्यांचे छत्र या तरुणांवर अभावानेच येते. आणि २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवी न्यायाधीश हवेत, हे खरे. परंतु ती तीन वर्षे बिनपगारी असतील, तर ही अट अनुभवाबरोबर बापाच्या मिळकतीचीही परीक्षा घेते.

म्हणून मागणी नेमकी असावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुका पातळीवर विधी सेवा समिती दिलेली आहे. तिच्यामार्फत पहिल्या तीन वर्षांतील गरजू वकिलांना शासनाने विद्यावेतन द्यावे. मोबदल्यात त्यांनी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली गरीब पक्षकारांची ठरावीक प्रकरणे चालवावीत. खर्चाची तरतूद न्यायालयीन शुल्काच्या उत्पन्नातून व्हावी. हे अशक्य नव्हे; आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांसाठी पहिली तीन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची योजना सुरू केली होती. आंतरवासी डॉक्टरांना विद्यावेतन देताना आपण कोणता प्रश्न विचारतो? न्यायालय हेही रुग्णालयाइतकेच सार्वजनिक आहे. शिवाय, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूर जिल्ह्याचे उच्च न्यायालयातील काम मुंबईहून जवळ आले आहे. न्यायालय जवळ आले. वकील दूर जाऊ नये.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. पेढीत गेलेल्या मुलाला 'विकला गेला' म्हणून आपण तोडतो आणि मोर्चाची नोटीस आली की वकील शोधत फिरतो. त्याच्याशी संबंध ठेवा. वर्षातून आठ दिवस गावी येऊन तो मोबदल्याचे अर्ज तपासून देईल, तर तेही थोडके नाही.

निघताना तो पाया पडला. मी म्हणालो, "बाळ, पगार घे, विद्या शिक आणि सातबारा विसरू नकोस." तो हसला. त्याला परत यावेसे वाटेल की नाही, हे त्याच्या मनावर आहे. परत आल्यावर त्याच्या पोटाला काय मिळेल, हे मात्र आपल्या चळवळीवर आहे.