बिल्ला बोलतो, पण खरे बोलतो का?

जुनी नाणी, तिकिटे आणि पदके जमविण्याचा छंद आपल्यापैकी अनेकांना आहे. छंद चांगलाच आहे. परंतु त्यात आता हिटलरच्या सैन्याचे बिल्ले शिरले आहेत, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. अकोल्यातील एका दुकानात मला असाच एक 'आयर्न क्रॉस' दाखविण्यात आला. "इटलीच्या लढाईतून एका मराठा जवानाने आणलेला आहे," असे दुकानदाराने सांगितले. जवानाचे नाव, गाव, पलटण विचारली, तर उत्तर नाही. गोष्ट मात्र तोंडपाठ!

मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या, हे सत्य आहे. तेथील पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण खऱ्या इतिहासाच्या आडोशालाच खोटा माल लवकर खपतो.

पारख अशी करावी. खरा आयर्न क्रॉस बहुधा तीन भागांचा असतो : मध्ये काळे केलेले लोखंड आणि त्याला दोन्ही बाजूंनी जोडलेली रुपेरी चौकट. त्याला लोहचुंबक चिकटतो. नकली क्रॉस पुष्कळदा एकसंध ओतलेला असतो. भिंगाखाली त्याच्या कडा बोथट दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात. इतर बिल्ले युद्धाच्या आरंभी तांब्या-पितळेच्या जातीच्या धातूचे होत. पुढे टंचाई आली तेव्हा जस्ताचे होऊ लागले. जस्तावरचा मुलामा टिकत नाही, बिल्ला राखाडी पडतो. ऐंशी वर्षांपूर्वीचा असा बिल्ला कालच घडविल्यासारखा झळकत असेल, तर शंका घ्यावीच. शिवाय १९५७ साली पश्चिम जर्मनीने स्वस्तिक वगळून ही पदके लावण्यास परवानगी दिली. तशी पदके बनावट नव्हेत, पण युद्धकाळातलीही नव्हेत. मात्र एकाच कसोटीवर निकाल देऊ नये. काही खऱ्या क्रॉसनाही चुंबक चिकटत नाही. आणि चुंबक नकली माल करणाऱ्याजवळही असतोच.

कुणी म्हणेल, जर्मनांच्या बिल्ल्यांशी वऱ्हाडचा काय संबंध? संबंध आहे. नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत असताना आझाद हिंदची पदके सुरू केली; ती व्हिएन्नातील सौव्हाल यांच्या कारखान्यात तयार झाली. आझाद हिंदची तिकिटेही बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. या पदकांच्याही नकला विकल्या जातात, आणि तेथे गिऱ्हाईक भिंग काढत नाही, हात जोडते. श्रद्धेचा असा व्यापार मला अधिक वाईट वाटतो.

खोट्या बिल्ल्याने केवळ पैसे जातात असे नाही. तो घरात येतो, दोन पिढ्यांनी "आजोबांनी आणलेला" होतो, आणि आजोबांनी खरोखर काय भोगले ते कोणी विचारत नाही. उलट, पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढणाऱ्यांना ते चांदीचे मिळे, हमाल-मजुरांना काशाचे. चांदीचे म्हणूनच अशी कितीतरी पदके मुशीत वितळली. एक पदक वितळले की एक नाव गेले.

म्हणून माझे मत असे, की बिल्ला विकत घेण्याआधी त्याच्यामागचा माणूस विचारावा. नाव नसेल, कागद नसेल, तर तो धातूचा तुकडा समजावा. आपल्या इतिहास मंडळाने अमरावती-अकोला भागातील घरोघरी जाऊन अशी पदके पाहावीत, कडेवरची नावे उतरवून घ्यावीत आणि पदके ज्याची त्याला परत द्यावीत. यास खर्च एका वहीचा आणि एका भिंगाचा. सराफाकडे जाण्याआधी आपण पोचलो, म्हणजे झाले.