विश्लेषण: यंदाचा संकल्प हलव्याचा आणि गोधडीचा… पण वेळ कोणाचा?

जानेवारी उजाडला की समाजमाध्यमांवर संकल्पांचा पाऊस पडतो. जिम, डायरी, साखर बंद या नेहमीच्या यादीत आता हलवा करायला शिकणं, गोधडी शिवणं, आजीच्या पद्धतीने लोणचं घालणं हेही दिसतं. त्याच फीडमध्ये 'ट्रॅडवाइफ' रील्सही येतात; नोकरी न करता घर सांभाळणं हाच बाईचा आदर्श, असं सुचवणारी. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या की भांडण सुरू होतं.

शिकायचं कधी?

कॅलेंडर पाहून. हलव्यासाठी आत्ताचा मोसम उत्तम. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवायचा, त्यावर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि तासन् तास हाताने हलवत राहायचं. हवा थंड आणि कोरडी असली तर काटा छान येतो. पापड, कुरडया, सांडग्यांना मात्र कडक ऊन लागतं, म्हणजे मार्च ते मे. कैरीचं लोणचं त्याच्या शेवटी. थोडक्यात, वाळवणाचा संकल्प १ जानेवारीपेक्षा गुढीपाडव्याला केलेला बरा!

आई-आजीऐवजी बाहेरून शिकणं काही नवं नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि 'अंदाजाने घाल' याच्या जागी वाटी-चमच्याचं माप आलं. आज ते काम यूट्यूब करतंय, इतकंच.

मग वाद कशाचा?

वेळेचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. त्या दिवशी अजिबात हात न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत, आणि तेच बहुसंख्य आहेत. त्यामुळे जिच्या दिवसातले पावणेपाच तास आधीच घरकामात जातात, तिला 'पारंपरिक कौशल्यं शिक' हा सल्ला म्हणजे आणखी एक काम. हौसेने गोधडीचे टाके घालणं वेगळं आणि रोजचा स्वयंपाक वेगळा. रीलमध्ये हौस दिसते, नंतरची भांडी दिसत नाहीत.

या कामाला किंमत आहे का?

बाजारात आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं 'लिज्जत' झालं. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरायलाच हवं, असं म्हटलं. घरातल्या घरात मात्र हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

संक्रांतीला अजून थोडे दिवस आहेत. यंदा हलव्याचं पातेलं घरातल्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही. पाक चमच्याने सोडायला आणि हात हलवत ठेवायला बाईच लागते, असं कुठल्याही कृतीत लिहिलेलं नाही.